वाडीतलं खत

वडील कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. वर्षानुवर्षांच्या त्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले आणि त्यांना वेळेआधीच घरी बसावं लागलं. त्याच सुमारास आम्ही लालबागची खोली सोडून बोरिवलीला तळमजल्यावर राहायला आलो. मी तेव्हा कॉलेजात होते. नवीन इमारत, मागे थोडी मोकळी जागा, तिच्या पलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे एका ख्रिस्ती कुटुंबाची भाजीची वाडी.

पहिल्याच महिन्यात वडिलांनी मागच्या जागेत खड्डा खणला. कोकणात याला गायरी म्हणतात. त्यात घरातली सालं, देठं, माशांची खवलं, वाळका पाला आणि बंबातली राख असं सगळं जायचं. वरून मातीचा थर. आईला ते फारसं आवडलं नव्हतं, पण माणूस कशात तरी गुंतलाय म्हणून ती बोलली नाही.

इमारतीतले लोक मात्र बोलले. आमच्या शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या खड्ड्याकडेच उघडायची. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पावसाळ्यात वास यायचा, माश्या यायच्या. जिन्याखाली सगळे जमले आणि खड्डा बुजवायचं ठरलं. वडील तिथेच उभे होते, पण त्यांना काही ऐकू गेलं नाही. ठरलेलं मला त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं.

"खड्डा बुजवा म्हणतायत! घाण होते!"

"घाण खंयची? खत आसा ता," ते तेवढ्याच मोठ्याने म्हणाले.

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फावडं घेतलं. पण ते खड्डा बुजवत नव्हते, उपसत होते. अर्धवट कुजलेला माल घमेल्यात भरून ते नाल्यावरच्या फळीवरून वाडीत घेऊन गेले. मी मागोमाग गेले, कारण तिथे त्यांच्याशी कोण बोलणार?

वाडीवाले काका वांग्यांना पाणी घालत होते. त्यांची बायको विहिरीच्या कठड्यावर बसून भेंडीच्या जुड्या बांधत होती. वडिलांनी घमेलं तिच्यासमोर ठेवलं. तिने मूठभर माल उचलला, नाकाशी नेला आणि नवऱ्याला म्हणाली, "कच्चं आहे अजून. पण चांगलं आहे. त्या माडाखाली टाकू दे त्यांना."

तेव्हापासून वडील रोज सकाळी बादली घेऊन वाडीत जाऊ लागले. माडाखाली ढीग वाढत गेला. काका बैलाचं शेण देत. वडील ढीग उलथून पाणी शिंपडत. त्या दोघांत बोलणं फारसं नव्हतंच. ऐकू न येण्याचा प्रश्न खरा तर काकांच्या बायकोने, मावशींनी, सोडवला. त्या खुणा करायच्या. ढिगात हात घालून झटकन बाहेर काढला की आत गरम आहे, उलथायला हवं. बोटं चोळून दाखवली की तयार झालं.

त्या ढिगाचे उपयोग मला तिथेच कळले. वांग्याच्या आळ्यात तो जायचाच. शिवाय दुधीच्या बिया फडक्यात बांधून मावशी त्याच्या उबेला ठेवत, म्हणजे लवकर मोड येत. खाडीवर गळ टाकायला जाणारे त्यातली गांडुळं नेत आणि कधी एखादा मासा आणून देत. आमच्या इमारतीतल्या बायकाही हळूहळू तुळशीसाठी डबा भरून मागू लागल्या. शेजारच्या बाईंनी मात्र कधी मागितलं नाही. खिडकी उघडी ठेवता येऊ लागली, एवढंच त्यांना हवं होतं.

मग मावशींना कावीळ झाली आणि त्यात त्या गेल्या. आम्ही सगळे चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो. कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं ते पुढच्यांकडे बघून करत होतो. काही दिवसांनी वडिलांनी चाळलेलं खत बादलीत भरलं, वर सदाफुलीची दोन रोपं ठेवली आणि काकांसमोर जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "विचार त्यांका, तुमच्यात चलता काय?"

मी विचारलं. काकांनी एक रोप उचलून बघितलं. "चलतं रे बाबा," म्हणाले आणि सदरा चढवून मावशींच्या कबरीकडे बरोबर निघाले.

पुढे वाडी विकली गेली. आजूबाजूच्या सगळ्याच विकल्या जात होत्या. काका वसईला मुलीकडे गेले. तिथून त्यांना येणं जमेना, म्हणून पाऊस संपला की वडील दफनभूमीत जाऊन आळं करून खत घालून येत. खत आता ते रॉकेलच्या डब्यात करत, गॅलरीच्या कोपऱ्यात. आई नाक मुरडायची, पण डबा हलवायची नाही.

एका वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून बादली घेऊन मी बरोबर गेले. जागेवर सदाफुली नव्हती. ताजी माती होती आणि नवा लाकडी क्रूस, त्यावर भलतंच नाव. मी रखवालदाराला विचारलं.

"त्यांची मुदत झाली," तो म्हणाला. "जागा कमी आहे ना. काही वर्षांनी हाडं काढून त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. घरच्यांना कळवलं होतं."

मी हे सगळं वडिलांच्या कानाशी ओरडून सांगितलं. दोन माणसं वळून बघू लागली. वडील भिंतीपर्यंत चालत गेले. कोनाडे सिमेंटने बंद केलेले होते, त्यात माती घालायला जागा नव्हती. ते परत आले.

"ह्या कोणाचा?" त्यांनी नव्या क्रूसाकडे बोट दाखवलं.

"माहीत नाही. ओळखीचे नाहीत!"

"आसांदेत. बादली हंय दी," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसले.