कोंडाजीची विलायती सर्दी

पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधाचा एक लहानसा कारखाना होता. आज त्याची वीटसुद्धा सापडायची नाही. सत्तावन्न सालच्या पौषात पिंपळे गुरवचा कोंडाजी तिथं बाटल्या भरायच्या खात्यात लागून सहा महिने व्हायला नऊ दिवस उरले होते. सहा महिने सलग भरले की नोकरी कायम. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. त्याची बायको सुभद्राबाई चुलीमागच्या भिंतीवर रोज कोळशानं एकेक रेघ ओढत होती.

कोंडाजीला खोड एकच. साहेबानं आपल्याशी दोन शब्द बोलावेत. रोज सकाळी कपडे डोक्यावर घेऊन तो कमरेएवढी पवना ओलांडायचा आणि फाटकाशी कुडकुडत सलाम ठोकायचा. साहेब अस्सल विलायतचा. काहीतरी पुटपुटून आत जायचा.

"थंडीचं बोलतो तो," टायपिस्ट रंगराव म्हणाला. "त्यांच्यात गाठ पडली की आधी थंडीचं बोलतात. शिकवू?"

रंगराव म्हणजे गुळाला चिकटलेला मुंगळा, गोड आणि चावरा. त्याचा मेहुणा भैरू चार महिने घरी बसून भाकऱ्या मोडत होता, हे साऱ्या खात्याला ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली शाळा भरली.

"म्हण, बिटर कोल्ड. कडू थंडी."

"आँ? थंडी काय चाटून बघत्यात व्हय?"

"फ्रीझिंग कोल्ड. गोठवणारी."

"ही खरी. पवनेत ऱ्हाती ती."

"आय हॅव कॉट ए बॅड कोल्ड. मी वाईट सर्दी पकडली. म्हणजे मला सर्दी झाली."

"आरं तिच्या! आपल्यात सर्दी माणसाला धरती, ह्यांच्यात माणूसच सर्दीला धरतोय!"

मंडळी खदाखदा हसली. कोंडाजीही हसला, मग जरा थबकला. "पर रंगराव, मला सर्दी न्हाई."

"नसू दे की. सर्दीवाल्याला साहेब जावयासारखा जपतो."

त्याच आठवड्यात खात्याच्या दारावर इंग्रजीत नवा कागद लागला होता. सर्दी झालेल्यानं आठ दिवस आत पाऊल टाकायचं नाही, पगार नाही, हजेरी नाही. टाइप रंगरावानंच केला होता. बाभळीखालच्या निम्म्यांना त्यानं तो वाचून दाखवला होता. कोंडाजीला मात्र कोणी सांगितलं नाही. फुकटचा तमाशा कोण मोडतो?

दुसऱ्या दिवशी फाटकाशी कोंडाजी ताठ उभा राहिला. "बिटर कोल्ड सर! आय हॅव कॉट ए बॅड कोल्ड सर!" वर दोनदा खोकलाही, पदरचा.

साहेब थांबला. त्याचा चेहरा विरघळला. स्वतःच्या गळ्यातला लोकरी मफलर काढून त्यानं कोंडाजीच्या गळ्यात गुंडाळला, पाठीवर थोपटलं, आणि रंगरावाला बोलावून चार ओळी सांगितल्या.

"आठ दिवस घरी आराम कर म्हणतो साहेब," रंगराव म्हणाला. "बघ, म्हटलं नव्हतं?"

कोंडाजी मफलर मिरवत घरी आला. गावानं हात लावून पाहिला. सुभद्राबाईनं तेवढं विचारलं, "मग आजची रेघ वढू का नगं?"

"वढ की! साहेबानंच धाडलंय."

नवव्या दिवशी त्याच्या जागेवर भैरू बाटल्या भरत होता. कोंडाजीचं नाव नव्या भरतीत, आवारातलं गवत काढायला. पहिला दिवस.

ही सारी करणी साहेबाची असं तो समजला. दुपारी हरभऱ्याची जुडी घेऊन तो रंगरावाकडे गेला. "तुमी शिकवलं म्हणून मफलर तरी घावला, राव."

रंगरावानं एक घाटा सोलला, तोंडात टाकला.

"पुढचं वाक्य शिकवू?"

"शिकवा की," कोंडाजी म्हणाला, आणि मफलर सावरून समोर उकिडवा बसला.