वहीच्या शेवटच्या पानावरच्या सात रेघा

आता कुठल्या तोंडाने सांगू? या प्रकरणात आईची अर्ध्या दिवसाची रजा गेली आणि माझी उरलीसुरली अब्रूही.

झालं असं, की गणिताच्या बाई मलाच उभं करतात, अशी माझी पक्की खात्री होती. उभं राहिलं की माझा आवाज घशातच बसतो, हे त्यांना ठाऊक असणारच ना? मग मी वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारायला लागले. मला प्रश्न आला की एक रेघ. पंधरा दिवसांत सात! याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आई अंबरनाथला एमआयडीसीत पॅकिंगला आहे. "माझी तुकडी बदलून दे," म्हणून तिचं डोकं खाल्लं. शेवटी बिचारी अर्धा दिवस टाकून बदलापूरला शाळेत आली.

बाईंनी पान शांतपणे पाहिलं. "सात. बरं, बाकीच्यांना किती वेळा विचारलं?"

"ते नाही मोजलं."

"मग सात म्हणजे जास्त की कमी, कसं कळणार गं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

ठरलं असं, की आठवडाभर मी सगळ्यांच्या रेघा मारायच्या. माझ्या सर्वांत जास्त निघाल्या, तर बाई स्वतः तुकडी बदलून देणार.

शनिवारी मोजलं. माझ्या तीन. शेजारी बसणाऱ्या कविताच्या अकरा! कविता चामटोलीहून येते, कशाचंच टेन्शन घेत नाही.

"अकरा? रोजचंच आहे ते," डबा खाता खाता ती म्हणाली. "तुला काय वाटलं, तूच एकटी व्हीआयपी?"

"मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"दिसणार कसं? मी उभी राहिले की तू हुश्श करून डोळे मिटतेस."

खरंच होतं. पण इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! बाईंचा माझ्यावर राग नव्हता. तुकडी तीच, बाक तोच, शेजारी कविताच.

घरी सांगितलं. आई मेथी निवडत म्हणाली, "म्हणजे मी रजा टाकून हे सांगायला गेले होते, की माझ्या पोरीला कमी प्रश्न विचारता?"

सोमवारी पान बाईंना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तीनच? तुझ्यावर खरंच अन्याय झालाय गं," त्या म्हणाल्या. "ऊठ, फळ्यापाशी ये."