अर्धा इंच आत

आमच्या समोरच्या दारात टेलरबाई राहतात. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं, तर माझी पँट पंधरा दिवस शिवून मिळाली नाही. कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि माप घ्यायला पडदा लावलेला कोपरा. आमची ही त्यात शिरली की पडदाच बाहेर येतो.

घरी त्यांची आई, म्हणजे आमच्या काकू, वय एक्क्याऐंशी. सकाळी साडेनऊला बाई आईपुढे दुपारचा डबा ठेवायच्या, झाकणावर चमचा, शेजारी पाण्याचा पेला, आणि दार ओढून दुकानात. संध्याकाळी परतल्या की दारातूनच विचारायच्या, "जेवलीस?"

"जेवले की."

डबा रिकामा. विषय संपला.

मधल्या काळात काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग वार, मग गॅस. बाईंनी सिलेंडरच बंद करून जायला सुरुवात केली. मी म्हटलं, "दिवसा कुणीतरी ठेवा सोबतीला. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, फार मायाळू."

"माझ्या आईला परक्या बाईने भरवायचं? मी काय मेले का, भाऊ?"

झालं. मी आपला पेपर घेऊन घरात.

आता कपडा सैल झाला तर तुम्ही-आम्ही माणसाकडे बघू. टेलरबाईंनी कपड्याकडे बघितलं. धंद्याची खोड, दुसरं काय! काकूंचा गाऊन खांद्यावरून ओघळायला लागला, तसा एका रविवारी त्यांनी तो उलटा केला, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतला आणि टीप मारली. फिटिंग झकास. चार महिन्यांनी पुन्हा अर्धा इंच. पुढे आणखी एकदा. बाईंचा हात असा सफाईदार, की काकू नेहमी बेतशीर दिसायच्या. काकूंचा मुलगा वर्षातून एकदा येतो, तो आला आणि म्हणाला, "आई तर अगदी होती तशीच आहे गं!" दुपारच्या गाडीने समाधानाने परतसुद्धा गेला. मीही काकूंना म्हणायचो, "काय काकू, नवीन गाऊन वाटतं!"

आणि खरं सांगायचं तर मला एक गोष्ट माहीत होती. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक पिवळं मांजर रोज दुपारी हजर असायचं. बघता बघता ते उशीएवढं झालं. मांजर गाभण आहे, अशी बातमी मीच अख्ख्या इमारतीत पसरवली होती. तो बोका निघाला. त्यावर आम्ही महिनाभर हसलो. पण बोक्याला एवढं वाढतं कोण, हा प्रश्न माझ्यासारख्या चौकस माणसाला पडू नये?

मग एका रविवारी बाईंनी आईसाठी नवा गाऊन शिवला. कापड छान होतं, निळ्या फुलांचं. काकू झोपल्या होत्या, म्हणून बाईंनी टेप काढलाच नाही. मापाच्या वहीत आईचं दोन वर्षांपूर्वीचं पान होतं, त्यावरून बेतला. संध्याकाळी घालून बघायची वेळ आली तेव्हा मी तिथेच होतो, कात्री मागायच्या निमित्ताने.

गाऊन डोक्यावरून खाली आला आणि काकू त्यात हरवल्या. गळा एका खांद्यावरून पार दंडापर्यंत घसरला. मी सवयीने बोलून गेलो, "काकू, यात आपण दोघंही मावू!"

बाईंनी गळ्यातला टेप काढून छाती मोजली. पुन्हा मोजली. बत्तीस. वहीत अडतीस. मग त्यांनी खुंटीवरचा जुना गाऊन काढून उलटा केला. प्रत्येक बाजूला शेजारी शेजारी तीन टिपा. त्यांच्याच हातच्या.

"ही जेवते ना, भाऊ?"

मी बोक्याचं सांगितलं. सगळं.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं असेल."

"साऱ्या इमारतीला सांगितलंत. मला नाही."

काकू शांतपणे म्हणाल्या, "ते मांजर उपाशी होतं गं."

बाई खाली बसून टाचण्या वेचत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या मायाळू बाईंचा नंबर आहे का अजून?"

सोमवारपासून त्या यायला लागल्या. दणकट, बोलक्या. आणि काकू चक्क त्यांच्या हातून जेवायला लागल्या. टेलरबाई कौतुकाने दुपारी धावत वर यायच्या, तर त्यांना बघताच काकू तोंड मिटायच्या आणि म्हणायच्या, "जेवले की." तिसऱ्या दिवशी सोबतीच्या बाईंनी अवघडून सांगितलं, "ताई, राग नका मानू. तुम्ही दिसलात की त्यांचं जेवण झालेलं असतं."

आता टेलरबाई दुपारी दुकानाचं दार ओढून वर येतात, पण घरात जात नाहीत. जिन्यात बसतात, मांडीवर स्वतःचा डबा. दार किलकिलं असतं. काल मी म्हटलं, "आमच्याकडे बसा की, पंखा तरी आहे." त्यांनी ओठावर बोट ठेवलं. आतून आवाज आला, "आणखी एक घास, आजी?"

"दे."

बाई बोटांच्या पेरांवर घास मोजत होत्या. "अकरा," त्या मला हळूच म्हणाल्या. आत ताटली घासल्याचा आवाज आला, तशा त्या उठल्या.

"आता तरी भेटून या आत जाऊन."

"नको, झोपेल आता ती," म्हणाल्या, आणि न उघडलेला डबा घेऊन जिना उतरून गेल्या.