आत्याच्या खोलीत अकरा शेळ्या

ऐका, पण हसायचं नाही, हे आधी कबूल करा. नाहीतर मी आत्ताच गप्प बसते. गप्प बसणं मला छान जमतं. वर्गात हजेरी घेताना मॅडम माझं नाव घेतात आणि मान वर करून बघतात, कारण माझं ‘हजर’ त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही. अशा मुलीनं मुंबईत जाऊन एक अख्खी गल्ली बोंब मारून घराबाहेर काढली, हे खरं वाटेल का तुम्हाला? आईला अजून वाटत नाही, आणि ती तर तिथंच होती!

माझ्या आत्याच्या मिस्टरांना मुंबईत वॉचमनची नोकरी लागली. त्यामुळं आत्या आमचं पिशोर गाव सोडून समुद्राला चिकटलेल्या एका वस्तीत राहायला गेली. तीन महिने झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत आई, बाबा आणि मी तिला भेटायला गेलो, सकाळी पोचून संध्याकाळच्या गाडीनं परत. वस्तीचं नाव सांगत नाही. का, ते पुढं कळेलच.

त्या गल्लीत सगळेच कुठून कुठून आलेले. समोर तमिळनाडूच्या अक्का, दारात बसून मोगऱ्याचे गजरे ओवत होत्या. शेजारी बिहारच्या खाला, त्यांच्या शेळ्या. पलीकडं मशीन चालवणारे बंगाली शिंपीकाका. दहा पावलं चालले तर चार तऱ्हेच्या फोडण्यांचे वास आले! कुणाच्या उंबऱ्यापुढं पिठाची नाजूक रांगोळी, कुणाच्या दाराला हिरवा पडदा. आमच्या शहरातल्या पुंडलिकनगरमध्ये शेजारी बीडचे निघाले तरी आम्ही त्यांना लांबचे म्हणतो. इथं भिंतीला भिंत लावून अख्खा देश राहत होता. मी नुसती बघत राहिले.

आत्याचा चेहरा मात्र उतरलेला.

“दादा, कुणी बोलतच नाय रं माझ्याशी,” ती बाबांना म्हणाली. “त्यांचं मला कळत नाय, माझं त्यांना. सकाळी पाणी भरताना निस्तं हसायचं. पिशोरात मी कधी घडीभर गप्प बसले व्हते का?”

“होईल सवय,” बाबा म्हणाले.

“आज पहिल्यांदा माहेरची माणसं आली. सगळी गल्ली बघतीय. वहिनी, जरा चांगलं दिसू द्या बाई!”

आईनं लगेच बाबांकडं डोळे वटारून बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. माझ्यापासून कुणाला कसला धोका?

मग आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो, आणि समुद्र आला.

कसं सांगू? मी जायकवाडीचा नाथसागर पाहिला आहे. पण त्याला निदान धरणाची भिंत आहे. इथं पाणी सरळ जाऊन आभाळाला टेकलं होतं! आमच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी आई पाहुण्यांनासुद्धा ‘उद्या या’ म्हणते. आणि इथं एवढं पाणी उघड्यावर पडलेलं, त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

बाबांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून लांबवर बघितलं. मग म्हणाले, “जायकवाडीपेक्षा थोडा मोठा दिसतोय.”

जेवणानंतर मोठी माणसं आडवी झाली. मी एकटी जाऊन समुद्राच्या कठड्यावर बसले. खाली वाळूत खालांच्या बारा शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. शेळ्या दिसल्या की मी मोजतेच. आमचं घराणं मेंढपाळांचं. बाबा शहरात नोकरीला आले तरी आबा, म्हणजे माझे आजोबा, अजून पिशोरला मेंढरं राखतात.

मोजता मोजता लक्षात आलं, पाणी जवळ आलंय.

मघाशी लांब दिसणारा काळा दगड आता अर्धा बुडला होता. थोड्या वेळानं पूर्ण बुडाला. आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही. आणि मला आबा आठवले. त्यांनी मला शंभरदा सांगितलंय, “आभाळाकडं बघायचं नाय पोरी. वरच्या अंगाला पाऊस झाला की कोरड्या नदीला पाणी येतं. पाणी हाललं की आधी जित्राब वर काढायचं, मग इचारायचं.”

वरच्या अंगाला! म्हणजे त्या आभाळाला टेकलेल्या टोकाला केवढा पाऊस झाला असेल!

आता इथं एक गोष्ट कबूल करते. भरती-ओहोटी आम्हाला विज्ञानात आहे. घटक चाचणीत आकृतीसह पाच मार्कांना आली होती. मला पाचपैकी पाच होते. पण आकृतीतलं पाणी शेळ्यांच्या अंगावर येत नाही हो!

मी कठड्यावरून वाळूत उडी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

“पूर आलाऽऽ! पळाऽऽ! पूरऽऽ!”

आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटला नाही. गल्लीतली दारं धडाधड उघडली. शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन आले. अक्का फुलांची टोपली टाकून धावल्या. मी मात्र थांबले नाही. आबांची दुसरी शिकवण अशी की घंटी बांधलेली पुढची शेळी धरायची, बाकीच्या आपोआप मागं येतात. मी घंटीवालीची दोरी धरली, जिभेनं टाळूवर टकटक केलं, लांबलचक ‘हुर्रर्र’ केलं आणि पळत सुटले.

आणि आल्या ना त्या! माझ्यामागं ओळीनं! एक क्षण मला एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण न्यायच्या कुठं? मला त्या अख्ख्या मुंबईत एकच घर माहीत होतं.

आत्याची खोली दहा बाय दहाची. बाबा सतरंजीवर घोरत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा एक बोकड त्यांच्या छातीवर पाय देऊन कॅलेंडर खात होता.

“अगं आईऽऽ! हे काय?”

“बाबा, उठा! पूर आलाय!”

“शेळ्यांचा?”

आत्या किंचाळली. शेळ्या बिथरल्या आणि उलट्या फिरून गल्लीत घुसल्या. तिथं अक्कांची उघडी टोपली! मोगरा म्हणजे शेळीला लग्नाचं जेवण. अक्का तमिळमध्ये काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण नीट समजलं.

शेवटी सगळ्यांनी मिळून त्या गोळा केल्या. खालांनी मोजल्या. अकरा.

“गुड़िया कहाँ है?” खाला पांढऱ्या पडल्या. “वो तो गाभिन है!”

पुरात मी गाभण शेळी मागं सोडून आले होते! मी रडायला लागले. आत्या माझ्याकडं बघत नव्हती, उंबऱ्याकडं बघत होती. गल्लीत तिचं नाव व्हायचं होतं, ते असं झालं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला गुड़िया दिसली. खूर जेमतेम ओले. ऑफिस सुटल्यावर माणसं येतात तशी शांतपणे चालत आली, सगळ्यांमधून वाट काढली आणि खालांच्या दारात जाऊन बसली.

खालांनी आधी तिला बघितलं, मग मला. “बेटा, ये रोज़ ख़ुद आती हैं। पानी खुर को लगा, कि उठ के चल दीं। समंदर दिन में दो बार आता है। और वापस जाता है।”

मी कठड्यापाशी जाऊन बघितलं. पाणी कठड्याच्या पलीकडंच, हिरव्या शेवाळाच्या रेघेवर येऊन थांबलं होतं. बोटभरसुद्धा पुढं नाही. एवढा मोठा समुद्र, आणि किती शिस्तीचा!

आई पुढं झाली. पदर खोचून अक्कांशेजारी बसली आणि उरलेली फुलं ओवायला लागली. आत्याही बसली. आईची गाठ वेगळी, अक्कांची वेगळी. अक्कांनी आईचा हात धरून आपली गाठ दाखवली. चुकली तशा दोघी हसल्या. मग खाला चहा घेऊन आल्या. आत्या मराठीत बोलत होती, खाला हिंदीत, अक्का तमिळमध्ये, आणि कुणाचंच कुणावाचून अडत नव्हतं. मी पुन्हा नुसती बघत राहिले. आम्ही निघताना अक्कांनी मलाही एक गजरा दिला. अर्धा शेळीनं खाल्लेला होता.

परवा आत्याचा फोन आला. आवाज एकदम पिशोरचा!

“अगं, आता लई बोलत्यात सगळ्या माझ्याशी! खाला रोज दूध देत्यात. आणि सगळी गल्ली इचारती, भाची परत कधी येणार म्हणून.”

मला भरून आलं. “खरंच, आत्या? एवढी आठवण काढतात माझी?”

“व्हय गं! दिवस आधी कळवा म्हणत्यात. त्या दिवशी शेळ्या बांधून ठेवायच्यात.”