डेझीच्या नावावरची फेअरलेडी

गर्शोम झिराडकर खोटं बोलत नसे असं नाही. बोलला की पकडला जायचा, एवढंच. त्यामुळे पन्नाशीनंतर त्याने तो नाद सोडून दिला होता.

माणूस मूळचा अलिबागकडचा यहुदी. मुंबईच्या गोदीत फिटर होता. अडुसष्ट साली बायको आणि आठ वर्षांची नॉर्मा यांना घेऊन कॅनडात आला आणि व्हिटबीच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. तिथे ओसाकाहून दोन वर्षांसाठी एक इंजिनियर आला होता. येताना त्याने स्वतःची गाडी बोटीने आणली होती: लाल रंगाची, दोन सीटची, उघड्या टपाची डॅटसन फेअरलेडी. परत जाताना ती घ्यायला कोणी तयार होईना, कारण स्टिअरिंग उजवीकडे. उजवीकडे बसून गाडी चालवायची सवय अख्ख्या कारखान्यात फक्त गर्शोमला. जपानी माणसाने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. गर्शोमनेही तसाच वाकून केला. दोघं बराच वेळ वाकून राहिले, कारण आधी उठायचं कोणी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गर्शोमचं इथलं लायसन्स तेव्हा झालं नव्हतं. डेझी हॉस्पिटलात नर्स होती, तिचं झालं होतं. म्हणून गाडीचे कागद झाले डेझीच्या नावावर आणि तसेच राहिले. डेझी त्या गाडीत एकदाच बसली. डावीकडच्या सीटवरून समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याच मांडीवर येतोय असं तिला वाटलं. "तुमची बाई तुम्हाला लखलाभ," म्हणत ती उतरली.

बहात्तर सालच्या हिवाळ्यात बारा वर्षांच्या नॉर्माला मेंदूज्वर झाला. नऊ दिवस शुद्ध नव्हती. नवव्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून गर्शोम एलियाहू हन्नाबी या यहुद्यांच्या प्रेषिताला नवस बोलला: पोरगी स्वतःच्या पायांनी घरी आली तर ही गाडी अपंग मुलांच्या संस्थेला देईन, आणि कोणी दिली हे कोणालाही कळू देणार नाही. हे शेवटचं त्याने आपल्या मनाने जोडलं. त्याचा बाप मशिदीतल्या, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमधल्या, दानपेटीत मूठ घालायचा ती मिटलेलीच, आणि म्हणायचा, देणाऱ्याचं नाव कळलं की दान अर्धं होतं.

नॉर्मा चालत घरी आली. बर्फ वितळल्यावर गर्शोमने गाडी बाहेर काढली आणि मनाशी म्हटलं, हा एक उन्हाळा चालवू, मग देऊ. असे बारा उन्हाळे गेले. आता घराजवळ मार्कहॅमच्या प्लाझासमोर गाडी लावली की शौकीन लोक वायपरखाली चिठ्ठ्या ठेवून जात: विकणार का? गर्शोम चिठ्ठी घडी करून खिशात टाकायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात नॉर्मा बाळंतपणासाठी आईकडे आली. तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी बेड रेस्ट सांगितली. अजून सात आठवडे होते. वरच्या मजल्यावर मुलगी झोपून आणि खाली गॅरेजात तो नवस, तसाच.

त्या रविवारी पहाटे तो उठला. व्हिटबीला अपंग मुलांची एक संस्था होती. तिच्या अंगणात त्याने फेअरलेडी लावली, किल्ली पत्रपेटीत टाकली, पुढच्या मागच्या नंबरप्लेट काढून कापडी पिशवीत घातल्या आणि तीन बस बदलून घरी आला. स्वयंपाकघरात एक पोलीस चहा पीत बसला होता.

"कुठे होतात अहो?" डेझी म्हणाली. "गाडी चोरीला गेली. मी फोन केला. मग बघते तर तुम्ही पण नाही."

"मला वाटलं, पप्पाच गाडी घेऊन गेले असतील," वरून नॉर्माचा आवाज आला. "Mom, is Dad okay?"

पोलीस तरुण आणि सभ्य होता. "गाडी सापडली सर," तो म्हणाला. "व्हिटबीला. उजव्या स्टिअरिंगची अशी दुसरी या भागात नाही, लगेच कळलं. तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?"

गर्शोमने पिशवी टेबलाखाली सरकवली. आतल्या प्लेट एकमेकींवर आपटल्या.

"त्यात काय आहे?" डेझीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पिशवी उघडली. तिने दोन्ही प्लेट ओट्यावर ठेवल्या, एक सरळ आणि एक उलटी.

"मला आठवत नाही," गर्शोम म्हणाला.

तो पकडला गेला नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. पोलिसाने टोपी उचलली, दाराशी डेझीला हळूच सांगितलं की आपल्या वडिलांचं विसरणंही असंच सुरू झालं होतं, आणि डेझी डोळे पुसत आत आली.

दुसऱ्या दिवशी गर्शोमने संस्थेला फोन केला. नाव न सांगता गाडी देता येईल का? तिकडची बाई गोड होती. नाव गुप्त ठेवू, म्हणाली, फक्त जिच्या नावावर गाडी आहे त्या व्यक्तीची सही लागेल. गर्शोमने रिसीव्हर ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसला. सही डेझीची. डेझी विचारणार, का? सांगितलं तर नवस अर्धा. न सांगितलं तर ती सही करणार नाही, कारण त्या गाडीत नवऱ्याचा जीव आहे असं तिला पक्कं वाटत होतं. आणि मुळात जी गाडी आपल्या नावावरच नाही ती आपण नवसात बोललो तरी कशी? एलियाहू हन्नाबीने कागद पाहिले असतील का?

गुरुवारी डेझीने हेमचंद्र डॉक्टरांना घरी बोलावलं. ते ओळखीतले होते, पुण्याचे. आधी विनिपेगला असायचे. चहा झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काय झिराडकर, आज वार कोणता?"

गर्शोमला वार ठाऊक होता. सकाळीच त्याने कचऱ्याचे डबे बाहेर ठेवले होते. बरोबर सांगितलं तर किल्ली परत खिशात येणार, गाडी परत गॅरेजात येणार, आणि पुढचा उन्हाळा. त्याने डेझीकडे पाहिलं. पस्तीस वर्षं संसार केलेली बाई पदराचं टोक घट्ट धरून उत्तर येण्याआधीच ते मनात म्हणत होती: गुरुवार, गुरुवार.

"रविवार," गर्शोम म्हणाला.

डेझीने पदर सोडला.

पुढचं सगळं बायकांनी केलं. गाडी पोलिसांच्या आवारातून घरी आणायचीच कशाला, असं नॉर्माचं म्हणणं. "Dad can't drive anymore, Mom. Just sell it."

"विकायची नाही," डेझी म्हणाली. "वेड्यासारखे का होईना, ते ती तिथे घेऊन गेले होते. त्या पोरांनाच देऊ." तिने सही केली. जून संपायच्या आत संस्थेचं आभाराचं पत्र आलं: मिसेस डेझी झिराडकर. गर्शोमने ते तीन वेळा वाचलं. त्याचं नाव कुठेच नव्हतं. नवस फिटला म्हणावा, तर दिलं कोणी? डेझीने. मग तो फिटला कोणाचा? आणि हे विचारायचं तरी कोणाला?

जुलैत नॉर्माला मुलगी झाली, दोघी सुखरूप. हॉस्पिटलात जाताना मोठी गाडी डेझीने चालवली. गर्शोमला मागे बसवलं, त्याचा पट्टाही तिनेच लावला. वॉर्डात नॉर्माने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू, एकेक शब्द मोजून सांगितलं, "पप्पा, ही शोशना. तुमची नात. कळलं?"

"कळलं," गर्शोम म्हणाला.

"कोण ही?" डेझीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं.

आता खरं सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण सांगितलं तर नवस अर्धा. गाडी तर गेली होती, पण बाळ तीन दिवसांचंच होतं. आणखी थोडे दिवस, त्याने मनाशी म्हटलं, ही जरा पाय टाकायला लागू दे. डेझी उत्तराची वाट बघत होती. सोपं उत्तर होतं, आत्ताच सांगितलेलं. गर्शोमने ते शोधलं, आणि क्षणभर त्याला ते खरंच सापडलं नाही.