बुध्याच्या कमरेचा भोपळा

परवा अक्कलकुव्याच्या भर बाजारात एका बुध्यानं माझी वाट अडवली.

बाहेरच्यांसाठी सांगते... आमच्या सातपुड्यात होळीला नवस बोललेले पुरुष बुध्या होतात. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. काठी गावच्या होळीपासून गावोगाव नाचत फिरतात. तेवढे दिवस पाळणूक कडक... खाटेवर झोपायचं नाही, बायकोच्या हातचं काही घ्यायचं नाही.

हा बुध्या म्हणजे आमचा दाज्या. नाव बदललंय, आणि त्याला विचारूनच लिहितेय.

मी सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. दसऱ्याच्या सुमारास बायकोनं त्याला आणलं तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. फुप्फुसाचा टीबी, सोबत एचआयव्ही. खरं सांगू? हा होळी बघेल असं मला वाटलं नव्हतं.

पण नवरा-बायकोची जोडी चिवट निघाली. दोन्ही आजारांच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ... ती हातावर ठेवायची, हा गिळायचा. थुंकीची तपासणी स्वच्छ आली, अंग भरलं. आणि होळीच्या तोंडावर साहेब म्हणतात, बरा झालो तर बुध्या होईन असं बोललो होतो!

माझं डोकंच फिरलं. बायकोनं गोळी द्यायची नाही, हा डोंगरभर नाचणार. चारचौघांत गोळ्या काढल्या तर कशाच्या म्हणून गावभर चर्चा, आणि नाही घेतल्या तर आजार उलटणार. डॉक्टरांनी तपासून, दम लागला की थांबायचं या अटीवर परवानगी दिली. मी मात्र कटकट सोडली नाही. घरी पावरी बोलणारा दाज्या माझ्याशी अहिराणीत एवढंच बोलला, "ताई, बोलेल शे. मोडाव नही."

तर परवा... दवाखान्याबाहेर पेशंटला ओळख दाखवायची नाही, हा आमचा नियम. डोळ्यांवरून ओळखलं, तरी मी मान खाली घालून निघाले. तर हा पुढ्यात येऊन थिरकायला लागला. बुध्या कुणालाही अडवतो, त्यामुळे लोक नुसते हसत होते.

लोकांकडे पाठ करून त्यानं कमरेचा एक भोपळा पुढे धरला, वरची चकती सरकवली... आत गोळ्यांची पाकिटं. निम्मी रिकामी.

"एक बी चुकनी नही," तो हळूच म्हणाला. "देव बी संगे, दवाई बी संगे."

चकती लावली आणि गेला नाचत. बाकीच्या बुध्यांच्या भोपळ्यांत बिया वाजत होत्या, याच्या भोपळ्यात औषध. कुणाला काय कळणार? मला मात्र भर बाजारात रडू आलं.

काल त्याची बायको औषधं न्यायला आली. पाळणूक सुरू व्हायच्या आधी भोपळा तिनंच कोरून, गोळ्या भरून दिला होता. मी विचारलं, झाला ना एकदाचा नवस? ती हसली. पाच होळ्यांचा बोललाय म्हणे.

म्हणजे अजून चार वर्षं मला होळीच्या तोंडावर हीच कटकट करायची आहे... देवा, करू दे.