साक्रीच्या बाईंचा नंबर

मी धरणगावला दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड. आधी टाइपरायटरवर लिहायचो, मग लॅपटॉप आला. तोही आता बारा-तेरा वर्षांचा झाला. गावात मला घाबरट म्हणतात, कारण गट नंबर मी तीनदा वाचतो. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एकाचं शेत दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि मग दोघंही आयुष्यभर माझ्या नावानं बोटं मोडतात. त्यामुळे पुढं जे घडलं ते माझ्याच बाबतीत घडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात लॅपटॉपचा पडदा काळा पडला. झाकण अर्धं उघडलं की अक्षरं दिसायची, पूर्ण उघडलं की जायची. पंधरा दिवस मी मान वाकडी करून, फटीतून बघितल्यासारखे दस्त लिहिले. मग तेही बंद झालं. दुसरा मॉनिटर लावायची मागची जागा तर केव्हाच मोडलेली होती. पुतण्या म्हणाला, "नाना, त्यातली डिस्क काढून नव्या लॅपटॉपला जोडू ना." जोडली. माझे सगळे मसुदे उघडले, पण अक्षरांऐवजी नुसते कंस, टक्क्याच्या खुणा आणि प्रश्नचिन्हं. जुना फॉन्ट त्या जुन्या मशीनशिवाय चालेना. पुतण्यानं दोन दिवस खटपट केली आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलायचं बंद केलं.

म्हणून मी जळगावला गेलो. मार्केटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक चांगला दुकानदार आहे, तिशीतला, बोलायला मऊ. त्यानं वरची पट्टी उघडून बघितली आणि म्हणाला, "काका, केबल गेलीय. बिजागरीत घासून घासून तुटते. या मॉडेलचा रोगच आहे तो. मागचा नंबर द्या, दिल्लीहून मागवतो."

मागचं स्टिकर तळहाताच्या घामानं पुसट झालेलं. आम्ही दोघांनी ते भिंगातून वाचलं. सगळं जुळलं, शेवटच्या खुणेवर अडलो.

"आठ आहे का इंग्रजी बी?" तो म्हणाला.

मी खिडकीशी नेऊन बघितलं. मला आधी आठ वाटला, मग बी, मग परत आठ. त्यानं कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, की बी असं मॉडेलच निघालेलं नाही, म्हणजे आठच. मला बरं वाटलं. आठवड्यानं केबल आली. मी पुन्हा जळगावला. त्यानं केबल लावायला घेतली आणि ती लागेचना.

"यात चाळीस पिना आहेत," तो म्हणाला. "तुमच्या बोर्डाला तीस."

"मग चुकीची पाठवली."

"नाही ना काका. पाकिटावरचा नंबर बघा. हाच आहे." त्यानं पाकीट माझ्यापुढं धरलं, मग लॅपटॉप उलटा केला, मग परत पाकीट. "नंबर बरोबर आहे, पार्ट बरोबर आहे. तुमचा लॅपटॉपच चुकीचा आहे."

हे वाक्य मी एसटीत बसून धरणगाव येईपर्यंत मनात घोळवलं. लॅपटॉप चुकीचा म्हणजे काय? घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं हात थांबवून विचारलं, "मंग हाऊ कोणना शे?" मी म्हटलं, माझाच आहे, मीच विकत घेतला, तू होतीस की बरोबर. ती म्हणाली, हो, मी होते. आणि पुन्हा निवडायला लागली. पण मी मात्र त्या दिवशी दोनदा उठून लॅपटॉपकडे बघून आलो. करडा, कोपऱ्यात टवका उडालेला. टवका माझ्याच हातून उडाला होता, हे मला नीट आठवत होतं.

जळगावच्या दुकानदारानं केबल परत घ्यायची तयारी दाखवली होती, पण मी ती ठेवून घेतली. का ते सांगता येणार नाही. नंबर माझा होता ना. त्यानंच सांगितलं, की एवढं जुनं काम धुळ्याला एक चाचा करतात, त्यांच्याकडे जुन्या मशीनांचा ढीग असतो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की सात-आठ वर्षांपूर्वी पंखा बदलायला मी लॅपटॉप त्यांच्याकडेच दिला होता.

एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. चाचांचं दुकान आता आतल्या गल्लीत गेलंय. दाढी पूर्ण पांढरी, चष्मा कपाळावर. मला ओळखलं नाही. मी सगळी हकीकत सांगितली, केबल दाखवली. त्यांनी लॅपटॉप पालथा घातला, अकरा स्क्रू काढले, एका जुन्या झाकणात ओळीनं ठेवले, आणि खालचं कव्हर उचललं.

कव्हराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं लिहिलं होतं, 'साक्री'.

चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "भाऊ, तुम्ही साक्रीचे?"

"धरणगावचा."

"पण हे अक्षर माझं आहे." ते पुन्हा वाचायला लागले, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर वेगळं निघेल. "कोणाचंही मशीन खोललं की मी गावाचं नाव लिहितो आतून. भूल न हो म्हणून."

मला अजूनही कळलं नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे साक्रीला कुणी माझा लॅपटॉप खोलला होता?"

"नाही भाऊ. मशीन तुमचं. बोर्ड तुमचा, पडदा तुमचा. फक्त हे खालचं कव्हर तुमचं नाही. एकाच कंपनीची, एकाच रंगाची दोन मशीनं एका दिवशी आली असतील. दोन्ही खोलली. बंद करताना झाकणं बदलली." त्यांनी कव्हर माझ्यापुढं ठेवलं. "मुझसे हुआ."

माझ्या डोक्यात आता सगळं उलटंपालटं झालं. स्टिकर कव्हरावर असतं. म्हणजे तो नंबर माझा नव्हताच. सात-आठ वर्षं मी दुसऱ्याचा नंबर पोटाखाली घेऊन फिरत होतो, त्याच नंबरावर भिंग धरून आठ का बी करत होतो. आणि माझा नंबर कुठंतरी साक्रीला कुणाच्या टेबलावर होता.

चाचांना साक्रीचं एकच गिऱ्हाईक आठवत होतं, आश्रमशाळेतल्या एक शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण अजून ईदला फोन करतात. चाचांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बाई, तुमचा लॅपटॉप आहे ना अजून?"

"आहे, पण मेलाय. चार वर्षं झाली." आवाज खणखणीत होता. "पडदा गेला. दोनदा केबल मागवली, दोनदा चुकीची आली, दोन्ही परत पाठवल्या. मी त्या लोकांना असं फैलावर घेतलं की ते म्हणाले, मॅडम, पैसे परत घ्या पण पुन्हा मागवू नका."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हातातल्या केबलकडे.

"बाई," चाचा म्हणाले, "त्यांची काही चूक नव्हती. माझी होती. मी येतो."

मी म्हणालो, एवढं कशाला, फोनवर नंबर वाचून घेऊ. पण ते ऐकेनात. रविवारी सकाळी आम्ही दोघं साक्रीच्या गाडीत बसलो. त्यांनी हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली होती, मी माझा लॅपटॉप. वाटेत एकदा म्हणाले, की मी बत्तीस वर्षांत कोणाचा स्क्रूसुद्धा बदलला नाही. मी बाहेर बघत राहिलो.

बाईंचं घर गावाच्या टोकाला, अंगणात पपईची दोन झाडं. बाई पासष्टीच्या, उंच, पदर खोचलेला. त्यांनी आधी आम्हाला उकडलेल्या शेंगा खायला लावल्या, मग हकीकत ऐकली, मग चाचांना म्हणाल्या, "तुम्ही माझी चार वर्षं खाल्ली. आणि त्या दिल्लीवाल्यांना मी काय काय बोलले!"

"मी माफी मागायलाच आलो, बाई."

"माफी नंतर. आधी खोला."

चाचांनी खोललं. कव्हराच्या आत लिहिलं होतं, 'धरणगाव'. माझ्या गावाचं नाव परक्या घरात, एका मशीनच्या पोटात बघून मला विचित्र वाटलं. आनंद झाला का, ते आजही सांगता येत नाही. बाईंच्या बोर्डाला चाळीस पिना होत्या. मी खिशातून पाकीट काढलं. दिल्लीहून माझ्यासाठी मागवलेली केबल एका दाबात बसली.

पडदा लागला.

बाई खुर्ची ओढून पुढं बसल्या आणि आम्हाला विसरल्या. त्यांनी एक तक्ता उघडला. शाळेतल्या मुलींची उंची, दर जूनला आणि दर मार्चला मोजलेली, वीसएक वर्षांची. आधीची वर्षं वह्यांमधून उतरवून काढलेली. त्या बोटानं एकेक ओळ दाखवायला लागल्या. "ही आली तेव्हा एवढीशी होती. एका वर्षात बघा कुठं गेली. ही आता पिंपळनेरला नर्स आहे. आणि हिची उंची वाढतच नव्हती, मी दर महिन्याला मोजायचे, ती रडायची." चाचा मागं उभे राहून ऐकत होते. मीही ऐकत होतो, आणि मधेच लक्षात आलं, की मी निघालो होतो माझं मशीन दुरुस्त करायला आणि दुरुस्त झालं होतं दुसरंच.

निघताना चाचा कव्हरांची अदलाबदल करायला बसले. बाईंनी आपल्याकडचं द्यायला नकार दिला. म्हणाल्या, त्यावर मुलींनी लावलेली टिकली आहे, ती आता निघायची नाही. उलटून बघितलं तर खरंच होती, एका कोपऱ्यात, लाल. शेवटी चाचांनी दोन्ही कव्हरांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून खरे नंबर लिहिले. माझ्या खऱ्या नंबराच्या शेवटी पाच होता. मी तो तीनदा वाचला.

पण त्या खऱ्या नंबराचा उपयोग झाला नाही. जळगावच्या दुकानदारानं दिल्लीला विचारलं, मुंबईला विचारलं. ती तीस पिनांची केबल बनायची बंद झाली होती. मग चाचांनी माझी जुनीच केबल काढून घेतली. केसासारख्या बारीक तारांमधल्या तुटलेल्या तारा त्यांनी भिंगाखाली एकेक करून जोडल्या. तीन आठवडे गेले. मी दोनदा धुळ्याला जाऊन नुसताच बसून आलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला भिंगातून बघायला दिलं. मला काहीच कळलं नाही, पण मी मान डोलावली.

लॅपटॉप आता चालतो. पडद्याच्या डाव्या कडेला एक हिरवी रेघ वरून खाली येते, आणि झाकण फार मागं ढकलायचं नाही असं चाचांनी बजावून सांगितलंय. मसुदे सगळे जागेवर आहेत. घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन भाऊ वाटणीपत्राला आले. मी टाइप करत विहिरीपर्यंत आलो आणि विचारलं, विहीर कुणाच्या वाट्याला? धाकटा म्हणाला, सामाईक. थोरला म्हणाला, असं ठरलंच नव्हतं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू मला माहीत असावं. मी हात कळांवरून उचलले आणि म्हटलं, "तुम्ही आधी बोलून घ्या. मी थांबतो."